ऑब्सिडियनमध्ये मेटाडेटा सांभाळणारे प्लगइन: मोडी कागद, पेठा आणि तारखांच्या नोंदींसाठी

पेशवे दफ्तरातल्या कागदांवर किंवा पुण्याच्या स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्याकडे बघता बघता शेकडो टिपणं जमतात. भारत इतिहास संशोधक मंडळात बसून उतरवलेलं एखादं पत्र, दफ्तरातल्या रुमालातला (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातला) हिशेब, शुक्रवार पेठेतल्या वाड्याचे फोटो, डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात टिपलेला उतारा. हे सगळं ऑब्सिडियन या टिपणं ठेवायच्या अ‍ॅपमध्ये टाकणं सोपं असतं. अडतं ते नंतर. 'शुक्रवार पेठेसंबंधीचे, १७७० नंतरचे, अजून ताडून न पाहिलेले कागद' एवढंच हवं असतं आणि शोधखिडकी पेठेचं नाव आलेलं प्रत्येक टिपण पुढ्यात ओतते.

यावर उपाय मेटाडेटाचा, म्हणजे प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर ठरावीक चौकटीत लिहिलेल्या माहितीचा. त्यासाठी प्लगइन, म्हणजे अ‍ॅपला जोडायच्या छोट्या पुरवण्या, भरपूर आहेत, आणि गडबडही तिथेच होते. लोक आधी दहा प्लगइन टाकतात आणि मग काय नोंदवायचं याचा विचार करतात. या प्लगइनांकडून करून घ्यायचं मुख्य काम एकच: एका गोष्टीची दोन रूपं व्हॉल्टमध्ये (टिपणांच्या एकूण संग्रहात) शिरू न देणं. 'शनिवार पेठ', 'शनवार पेठ' आणि 'शनिवार' अशा तीन नोंदी झाल्या की पुढचं सगळं कोष्टक लंगडं पडतं.

आधी रकाने ठरवा

कागद-पेन घ्या आणि वर्षभराने या संग्रहाला कोणते प्रश्न विचारणार आहात ते लिहा. ज्या माहितीवर कधी गाळणी लावणार नाही, ती प्रॉपर्टीत (टिपणाच्या डोक्यावरच्या रकान्यात) घालू नका. टिपणाच्या मजकुरात राहू द्या. मोडी कागदांसाठी पुढचा साचा पुरतो:

---
प्रकार: पत्र
मूळ_तारीख: "पौष शुद्ध ८ शके १६८२"
दिनांक: १७६१-०१-१४
वर्ष: १७६१
तारीख_खात्री: निश्चित
ठिकाण:
  - "[[शुक्रवार पेठ]]"
स्रोत: "[[पेशवे दफ्तर]]"
रुमाल: "१२ अ"
स्थिती: उतरवलं
---

वाचायला सोपं जावं म्हणून इथे सगळं देवनागरीत दिलंय. प्रत्यक्ष टाइप करताना दोन बदल करा. विसर्गासारख्या दोन टिंबांच्या डावीकडची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा. आणि दिनांक व वर्ष या रकान्यांतले आकडे इंग्रजी अंकांत लिहा.

नावं रोमन लिपीत का? ऑब्सिडियनला स्वतःला देवनागरी नावं चालतात. पण टिपणांतून कोष्टकं काढणाऱ्या डेटाव्ह्यू प्लगइनची क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) रकान्याचं नाव अक्षरागणिक तपासते, आणि युनिकोडच्या हिशेबात वेलांटी, मात्रा, उकार ही 'अक्षरं' नसून 'चिन्हं' आहेत. त्यामुळे 'विषय' किंवा 'ठिकाण' असं नाव क्वेरीत अडखळतं. 'रो' या शब्दापुढे चौकोनी कंस आणि अवतरणचिन्हं देऊन वाट काढता येते, पण प्रत्येक क्वेरीत हा उपद्व्याप कोण करणार? डावीकडे रोमन, उजवीकडे मराठी ही विभागणी सुटसुटीत पडते.

आकड्यांचं कारण याहून सरळ आहे. तारीख ओळखणाऱ्या कोडला फक्त इंग्रजी अंक कळतात. काही मराठी कीबोर्डांवर देवनागरी अंक आपोआप उमटतात आणि ती तारीख मुकाट्याने साधा मजकूर होऊन बसते. प्रॉपर्टीशेजारी इशाऱ्याचं चिन्ह दिसलं तर सर्वांत आधी अंक पाहा.

तारखेला तीन-चार रकाने का

पेशवाईतल्या कागदावर शके असेल, सुहूर सन असेल, फसली असेल (या दोन्ही मुसलमानी राजवटींतून आलेल्या कालगणना), किंवा नुसतं 'छ' आणि चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची चंद्रतिथी असेल. ते जसं आहे तसं मूळ तारखेच्या रकान्यात, मजकूर म्हणून ठेवायचं. आपण केलेलं रूपांतर वेगळ्या रकान्यात. पुढे रूपांतर चुकलं असं लक्षात आलं तर मूळ नोंद शाबूत हवी.

शकावरून इसवी सन काढताना ७८ किंवा ७९ मिळवावे लागतात. चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८, आणि १ जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. वरच्या नमुन्यातली पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ही पानिपतच्या लढाईची तिथी. १६८२ मध्ये ७९ मिळवले की १७६१ येतं. मात्र पौष महिना डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर बसतो, त्यामुळे नुसतं 'पौष' वाचून वर्ष ठरवू नका. तिथी जंत्रीत पाहिल्याशिवाय खात्रीच्या रकान्यात 'निश्चित' लिहायचं नाही.

फक्त वर्ष माहीत असेल तर दिनांक कोरा सोडा आणि वर्षाचा रकाना भरा. ऑब्सिडियनच्या तारीख-प्रकाराला वर्ष, महिना, दिवस तिन्ही लागतात, म्हणून लोक १ जानेवारी टाकून मोकळे होतात. दोन वर्षांनी ती खरी तारीख की भर घातलेली, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

इंग्रजांच्या पत्रांबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. सप्टेंबर १७५२ पर्यंत ते जुनी, ज्युलियन तारीख लिहीत. अठराव्या शतकात ती आजच्या कॅलेंडरपेक्षा ११ दिवस मागे होती. पोर्तुगीज मात्र १५८२ पासूनच नव्या कॅलेंडरवर होते. एकाच घटनेची दोन पत्रं ताडताना हा फरक मूळ तारखेच्या रकान्यातच लिहून ठेवा.

प्रॉपर्टीची बांधणी

सेटिंगमध्ये कोअर (अ‍ॅपसोबतच येणाऱ्या) प्लगइनांच्या यादीत प्रॉपर्टीज व्ह्यू चालू करा. २०२३ मध्ये आलेल्या १.४ आवृत्तीपासून प्रॉपर्टी भरायची चौकट अ‍ॅपमध्येच आहे. टिपणात कंट्रोल आणि अर्धविराम दाबलं की नवी प्रॉपर्टी उघडते. मॅकवर कमांड आणि अर्धविराम. नावाच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून प्रकार निवडायचा: मजकूर, यादी, अंक, चेकबॉक्स, तारीख, तारीख-वेळ.

प्रकार एका टिपणापुरता नसतो. एका नावाला एक प्रकार दिला की तो सगळ्या व्हॉल्टला लागतो. म्हणून रुमाल क्रमांकाला मोहाने 'अंक' प्रकार देऊ नका. '१२ अ' आला की रकाना तक्रार करेल, आणि क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य गळून पडेल. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, त्याला मजकूर समजावं.

चौकट बंद करून सोर्स मोडमध्ये (टिपणाचा कच्चा मजकूर दाखवणाऱ्या दृश्यात) पाहिलं की खालचं यॅमल, म्हणजे प्रॉपर्टी ज्या साध्या मजकुरात साठवल्या जातात ते लेखन, दिसतं. ते बिघडलं तर सगळ्या प्रॉपर्ट्या एकदम लाल होतात किंवा गायब होतात. कारणं बहुधा याच चारपाचांपैकी असतात:

- तीन आडव्या रेघा फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत नाहीत. वर एक रिकामी ओळ राहिली तरी ऑब्सिडियन तो भाग प्रॉपर्टी म्हणून वाचत नाही.
- मजकुरात दोन टिंबं आणि त्यापुढे जागा आली. 'विषय: देणे-घेणे' अशी मूळ ओळ उतरवायची असेल तर सगळं अवतरणचिन्हांत घाला.
- दुवा अवतरणचिन्हांविना लिहिला. यॅमलच्या नजरेत दुहेरी चौकोनी कंस म्हणजे यादीतली यादी.
- यादीच्या आधी टॅब दिला. यॅमलला तिथे स्पेसच लागते.
- टॅग्जच्या रकान्यात हॅशसकट टॅग लिहिला. तिथे हॅश नको. जागेनंतर आलेल्या हॅशपुढचा मजकूर टिप्पणी समजून टाकून दिला जातो.

ठिकाणाला टॅग नको, दुवा द्या

यावर मतं वेगळी असतील, पण पेठा, वाडे, व्यक्ती, ग्रंथालयं यांच्यासाठी टॅग वापरू नयेत असंच आम्ही सांगू. प्रत्येक पेठेचं एक टिपण करा आणि प्रॉपर्टीत त्याचा दुवा द्या. पुढे त्या टिपणाचं नाव बदललं तर प्रॉपर्टीतले दुवेही आपोआप बदलतात. (सेटिंगमध्ये दुवे आपोआप अद्ययावत करायचा पर्याय चालू आहे ना, ते एकदा बघून घ्या.)

जुन्या नावांची सोय अलायसमध्ये (टिपणाला दिलेल्या पर्यायी नावात) होते. शुक्रवार पेठेच्या टिपणात 'विसापूर' हे अलायस घाला. संभाजी पुलाच्या टिपणात 'लकडी पूल'. मग कागदात जुनं नाव आलं आणि तुम्ही तेच टाइप करायला लागलात, तरी सुचवणी योग्य टिपणाकडे नेते. नुसत्या टॅगला ही सोय नाही.

टॅग ठेवायचे ते आडव्या विषयांसाठी: पाणीपुरवठा, दुष्काळ, वतन, उत्सव. तेही मूळ रूपात. मजकुरात वाक्याच्या ओघात हॅश लावून 'दुष्काळात' लिहिलं की तो 'दुष्काळ'पेक्षा वेगळा टॅग झाला; मराठीतल्या विभक्तीची अ‍ॅपला कल्पना नाही. असे जमलेले जुळे टॅग एकत्र करायला टॅग रँगलर हा छोटा प्लगइन चांगला. टॅगच्या खिडकीत टॅगवर उजवं क्लिक करून नवं नाव द्यायचं. तेच नाव आधीपासून असेल तर दोन्ही एक होतात. हे उलटवता येत नाही, म्हणून आधी प्रत काढा.

मराठी लिहिणाऱ्यांना छळणारी आणखी एक अदृश्य भानगड आहे. 'कऱ्हा' किंवा 'गोऱ्हे' यांतला अर्धा र दोन रीतींनी साठवला जातो: एकीत नुक्त्याचा ऱ असतो, दुसरीत साधा र आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. 'ॲप' या शब्दातल्या पहिल्या अक्षराचंही असंच. फोनवर लिहिलेलं 'गोऱ्हे' आणि लॅपटॉपवर लिहिलेलं 'गोऱ्हे' संगणकाला दोन गावं वाटू शकतात, आणि टॅगमध्ये ते अदृश्य चिन्ह आलं तर टॅग तिथेच तुटायचा धोका असतो. नजरेने हे पकडता येत नाही. यादीत एकच वस्तू दोनदा दिसली की संशय घ्यायचा. कायमचा बंदोबस्त हवा तर असे शब्द दर वेळी टाइप न करता यादीतून निवडायचे. पुढचे दोन प्लगइन त्यासाठीच आहेत.

टेम्प्लेटर

सेटिंगमध्ये कम्युनिटी प्लगइन चालू करा, ब्राउझ करा, टेम्प्लेटर शोधा, इन्स्टॉल करा आणि मग एनेबल करा. शेवटची पायरी बरेच जण विसरतात.

'साचे' नावाचं फोल्डर करा आणि ते टेम्प्लेटरच्या सेटिंगमध्ये साच्यांचं फोल्डर म्हणून दाखवा. 'मोडी-कागद' या साच्यात वरची चौकट ठेवा. मग नवी फाइल तयार झाल्यावर टेम्प्लेटर चालवायचा पर्याय चालू करून फोल्डर टेम्प्लेटमध्ये 'कागद' फोल्डरला हा साचा जोडा. आता त्या फोल्डरात नवं टिपण उघडलं की रकाने तयार मिळतात.

टेम्प्लेटरची खरी मजा सजेस्टर या आदेशात आहे. प्रकाराच्या रकान्यात तो बसवला की टिपण उघडताना यादी समोर येते: पत्र, सनद, महजर, निवाडपत्र, हिशेब. बाण दाबून निवडायचं. त्याला दोन याद्या द्याव्या लागतात, पहिली दाखवायची आणि दुसरी लिहायची. इथे दोन्ही सारख्याच ठेवा.

साचा दुरुस्त करायचा तो सोर्स मोडमध्येच. प्रॉपर्टीच्या चौकटीतून बदलायला गेलात तर ऑब्सिडियन टेम्प्लेटरच्या आदेशाभोवती स्वतःची अवतरणचिन्हं घालून ठेवतो आणि आतल्या चिन्हांशी त्यांची मारामारी होते. टिपण कधी केलं हे नोंदवायला फाइलची निर्मिती-तारीख मागवण्यापेक्षा आजची तारीख देणारा आदेश बरा. फाइलची तारीख सिंक करताना किंवा नव्या लॅपटॉपवर प्रत काढताना बदलू शकते.

आणि कुणाचाही साचा न वाचता चालवू नका. टेम्प्लेटरमधून कोड चालतो, आणि परवानगी दिली असेल तर संगणकावरचे आदेशही.

मेटाडेटा मेनू

टेम्प्लेटर टिपण जन्माला येताना मदत करतो. नंतर किंमत बदलताना पुन्हा हाताने टाइप करणं आलंच, आणि चुका तिथे होतात. मेटाडेटा मेनू रकान्याला ठरावीक किमतींची यादी बांधून देतो. त्याला डेटाव्ह्यू लागतो, म्हणून आधी तो टाका.

'वर्ग' नावाचं फोल्डर करून प्लगइनच्या सेटिंगमध्ये वर्ग-फाइलींची जागा म्हणून द्या. त्यात 'कागद' हा वर्ग तयार करा आणि रकाने एकेक जोडा. प्रकाराला 'सिलेक्ट', ठिकाणाला अनेक फाइलींचा प्रकार, दिनांकाला 'डेट'. स्थितीला 'सायकल' द्या. क्लिक केलं की 'उतरवलं', 'वाचलं', 'ताडलं' असं पुढे सरकतं. साच्यात फाइलक्लास या प्रॉपर्टीत वर्गाचं नाव लिहून टाका म्हणजे प्रत्येक नव्या टिपणाला हे लागू होईल.

सिलेक्टच्या किमती सेटिंगमध्ये कोंबण्याऐवजी एका टिपणात, ओळीला एक अशा लिहा आणि रकान्याला त्या टिपणाचा पत्ता द्या. नवा प्रकार सापडला की तिथे एक ओळ वाढवायची. फोनवरूनही हे सहज जमतं.

टिपणाची मांडणी नियमांनुसार नीट करणारा लिंटर हा तिसरा प्लगइन घेतला तरी चालेल, नाही घेतला तरी बिघडत नाही. घेतलात तर त्याच्या ढीगभर नियमांपैकी प्रॉपर्टींचा क्रम लावणारा आणि टॅगची मांडणी नीट करणारा एवढे दोनच चालू करा, आणि 'साचे' फोल्डर वगळा. बदलाची तारीख आपोआप लिहिणारा नियम आकर्षक वाटतो, पण त्यामुळे नुसता स्वल्पविराम हलवला तरी फाइल बदलते आणि फोन-लॅपटॉप सिंकमध्ये नसते झगडे उभे राहतात.

कोष्टक: बेसेस की डेटाव्ह्यू

नव्याने सुरू करणाऱ्याने बेसेस घ्यावा. २०२५ मध्ये आलेला हा कोअर प्लगइन आहे, वेगळा उतरवावा लागत नाही. नवा बेस उघडा, गाळणीत 'कागद' फोल्डर द्या, दुसरी अट स्थिती 'ताडलं' नसावी अशी, तिसरी वर्ष १७७० पेक्षा मोठं, चौथी ठिकाणात शुक्रवार पेठ असावी अशी. रकाने निवडा, दिनांकावर क्रम लावा. सुरुवातीला अडलेला प्रश्न इथे दोन मिनिटांत सुटतो. शिवाय कोष्टकातल्या खान्यात थेट बदल केला की तो मूळ टिपणात उतरतो. पन्नास टिपणांची स्थिती ओळीने बदलायला याच्याइतकं सोपं काही नाही.

डेटाव्ह्यू फक्त दाखवतो. कोष्टकातून प्रॉपर्टी बदलता येत नाही. पण मजकुराच्या मध्येच दुहेरी कोलन देऊन लिहिलेली माहिती तो वाचतो, बेसेस वाचत नाही. एका हिशेबात पंचवीस रकमा असतील आणि प्रत्येक वेगळी मोजायची असेल तर डेटाव्ह्यूला पर्याय नाही. क्वेरीची रचना साधी: टेबल आणि हवे ते रकाने, फ्रॉम आणि फोल्डर, व्हेअर आणि अट, सॉर्ट आणि क्रम, हे शब्द इंग्रजीतच टाइप करायचे.

निकाल कोरा आला तर दोन गोष्टी तपासा. ठिकाण दुवा असताना अटीत अवतरणातला मजकूर लिहिलाय का? दुव्याची तुलना दुव्याशीच करावी लागते. आणि ठिकाण यादी असेल तर 'बरोबर' चिन्ह चालत नाही, कंटेन्स हे फंक्शन लागतं. क्रम विचित्र लागला, काही तारखा सगळ्या सोडून एका टोकाला जमल्या, तर त्यांतली एखादी देवनागरी अंकांत आहे, म्हणजे मजकूर आहे.

जुनी टिपणं

आधी सगळ्या व्हॉल्टची प्रत वेगळ्या जागी काढा. फाइल रिकव्हरी हा कोअर प्लगइन मूळच्या सेटिंगमध्ये ७ दिवसांच्याच प्रती ठेवतो, त्यावर विसंबू नका.

मग मल्टी प्रॉपर्टीज हा प्लगइन टाका. फोल्डरवर उजवं क्लिक करून त्यातल्या सगळ्या फाइलींना एकाच वेळी प्रॉपर्टी जोडता येते. आधी तीनचार फाइलींच्या फोल्डरवर करून बघा. स्रोत आणि फाइलक्लास एवढेच रकाने असे घाऊक भरा. तारीख आणि ठिकाण कागद पाहूनच भरायचे.

रकान्याचं नावच चुकलं असेल, म्हणजे काही टिपणांत एक स्पेलिंग आणि काहींत दुसरं, तर उजव्या पट्टीत सगळ्या प्रॉपर्टींची यादी उघडा. प्रत्येक नावापुढे ते किती टिपणांत आहे तो आकडा असतो. एक-दोन आकडा असलेली नावं बहुतेक चुकीची निघतात. उजवं क्लिक करून नाव बदललं की सगळीकडे बदलतं.

राहून गेलेली टिपणं शोधायला शोधखिडकीत वजाचं चिन्ह आणि चौकोनी कंसात रकान्याचं नाव लिहा. तो रकाना नसलेली सगळी टिपणं येतात. रकाना आहे पण कोरा आहे, अशांसाठी चौकोनी कंसात नाव, कोलन आणि इंग्रजीत 'नल'. दिनांकासाठी ही दुसरी यादी कधीच पूर्ण रिकामी होणार नाही, कारण कित्येक कागदांवर तारीखच नसते. त्या टिपणांत खात्रीच्या रकान्यात 'तारीख नाही' लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तोच कागद पुन्हा उघडावा लागणार नाही.